कृपण कोण ?
(धनवंतांविषयीच्या लोकमताचा शास्त्रदृष्टीने विचार)

धनवंताविषयी बोलताना माणूस सहसा एखाद्या विशिष्ट धनवंताविषयी बोलत नाही. तो 'श्रीमंत लोक' असे म्हणतो आणि त्या एका शब्दात भिन्न भिन्न स्वभावांची शेकडो घरे कोंबतो. हा बोलण्याचा प्रकार इतका अंगवळणी पडलेला आहे की त्यात काही दोष घडतो आहे, याची जाणीव बोलणाऱ्यास राहत नाही. व्यवहारी मनुष्याने असे बोलावे यात नवल नाही. परंतु ज्याने सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचा मार्ग धरला, ज्यास विकार, विकल्प आणि हिंसा यांपासून दूर राहावयाचे आहे, त्याने हे मत जसेच्या तसे स्वीकारावे काय, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

पूर्वपक्ष

धनवंतांविषयीची लोकमते मुख्यत्वे चार आहेत. पहिले, श्रीमंत मनुष्य कृपण असतो. जितके धन अधिक तितका हात आखडता. दुसरे, धन आले की गर्व येतो व जुनी ओळख सुटते. तिसरे, अन्यायावाचून कोणी धनवंत होत नाही. चौथे मत या तिहींच्या अगदी उलट आहे : श्रीमंती हे पूर्वपुण्याचे फळ असल्यामुळे श्रीमंत हा पुण्यवान, आणि मोठे दान देणारा तो मोठा भक्त.

नवल असे की, ही परस्परविरुद्ध मते एकाच मनुष्याच्या मुखी आढळतात. ज्या धनिकाकडून काही मिळाले नाही त्यास पहिली तीन मते लावली जातात. ज्याच्याकडून मिळाले त्यास चौथे. म्हणजे येथे धनवंताची पारख होत नसून पारख करणाऱ्याच्या लाभालाभाची नोंद होत असते.

शिवाय 'श्रीमंत' कोणास म्हणावे, हेही निश्चित नाही. शेतमजुरास वीस एकरांचा धनी श्रीमंत वाटतो. त्या शेतकऱ्यास तालुक्याचा आडत्या श्रीमंत वाटतो. आडत्याची दृष्टी मुंबईच्या व्यापाऱ्याकडे असते. प्रत्येक जण आपल्याहून वरच्याला श्रीमंत म्हणतो आणि स्वतःस त्या नावातून वगळतो. ज्या शब्दाची मर्यादाच ठरलेली नाही, त्या शब्दावर सिद्धांत कसा उभा राहावा ?

दृष्टांत

केशिराजबासांनी संकलित केलेल्या दृष्टांतपाठात जात्यंध आणि हत्ती यांचा दृष्टांत आहे, तो सर्वांस परिचित आहे. ज्याच्या हाती पाय लागला त्याने हत्ती खांबासारखा म्हटला. ज्याच्या हाती कान लागला त्याने सुपासारखा म्हटला. त्यांपैकी कोणीही असत्य बोलला नाही. प्रत्येकाच्या हातास जे लागले तेच त्याने सांगितले. दोष इतकाच की, हाती लागलेल्या अवयवास त्याने संपूर्ण हत्ती मानले. या दृष्टांताचा मूळ दार्ष्टांतिक ज्ञानविषयक आहे, हे विसरता कामा नये. तथापि अंशास पूर्ण मानण्याची जी चूक तेथे दाखविली आहे, ती व्यवहारातही ठायी ठायी घडते.

एका वाड्याच्या दारी भिक्षेसाठी गेले असता 'पुढे जा' असे उत्तर मिळाले, एवढाच अवयव हाती लागला. त्या दिवशी त्या दारात आधी किती याचक येऊन गेले, घरात कोणी आजारी आहे काय, उत्तर देणारा घरचा धनी होता की गडी, हे काहीच कळले नाही. तरीही बिढारी परतेपर्यंत 'वाडेवाले असेच' असे वचन सिद्ध होते.

दुसरे एक उदाहरण पाहावे. 1972 च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडण्याच्या कामावर सुकडी आणि मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले, त्यांतील कित्येकांची पुढे भरभराट झाली. असा एखादा वृद्ध आज भरल्या घरातही जमिनीवर सांडलेले दाणे वेचतो, ताटात अन्न टाकणाऱ्या नातवास रागावतो. पाहणारा म्हणतो, 'एवढा पैसा असून किती हा चिक्कूपणा !' वस्तुतः तो चिक्कूपणा नव्हे. अन्नावाचून काढलेल्या दिवसांची ती आठवण आहे. बाहेरून क्रिया एकच दिसते, परंतु तिच्यामागचा भाव जाणल्यावाचून तिला नाव देणे म्हणजे हत्तीला सूप म्हणणे होय.

'कृपण' शब्दाचा गीतेतील अर्थ

भगवान श्रीकृष्ण चक्रवर्तींनी गीतेत 'कृपण' हा शब्द कोणास लावला आहे, हे पाहिले असता लोकमताचा पाया ढळतो. दुसऱ्या अध्यायाच्या 49 व्या श्लोकात, जे फळाच्या हेतूने कर्म करतात त्यांस कृपण म्हटले आहे. तेथे धनाचा उल्लेख नाही. त्याच अध्यायाच्या 7 व्या श्लोकात अर्जुन आपला स्वभाव कार्पण्यदोषाने ग्रासला असल्याचे सांगतो. तेथेही द्रव्याचा काही संबंध नाही. मोहामुळे आलेले दैन्य एवढाच त्याचा आशय आहे.

यावरून शास्त्राचा कृपण आणि लोकांचा कृपण हे दोन निराळे ठरतात. लोकांच्या मते जो देत नाही तो कृपण. शास्त्राच्या मते ज्याचे चित्त फळास चिकटले तो कृपण. या अर्थाने पाहता, लक्ष रुपये देऊन शिलेवर आपले नाव पहिल्या ओळीत आले की नाही हे पाहणारा दाताही कृपणच ठरतो. आणि दुसऱ्याच्या धनावर दृष्टी ठेवून दिवसभर त्याची निंदा करणारा निर्धनही त्याच पंक्तीत बसतो. त्याच्याजवळ धन नसले तरी त्याचे चित्त धनालाच चिकटलेले असते.

सतराव्या अध्यायात (श्लोक 20 ते 22) दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. कर्तव्य म्हणून, परतफेडीची अपेक्षा न धरता दिलेले ते सात्त्विक. फळाच्या इच्छेने किंवा मन कष्टी करून दिलेले ते राजस. अनादराने, अयोग्य स्थळीकाळी दिलेले ते तामस. या तिन्ही लक्षणांत रक्कम किती, हे कोठेही विचारलेले नाही.

सोळाव्या अध्यायात 'मी धनाढ्य आहे, माझ्यासारखा दुसरा कोण' अशा आशयाचे जे बोलणे येते, त्याचा आधार घेऊन 'पाहा, गीताही धनवंतास आसुरी म्हणते' असे कोणी सांगतात. हा अर्थ ओढून आणलेला आहे. तेथे आसुरी संपत्तीचा मनुष्य स्वतःस धनाढ्य म्हणवीत आहे. प्रत्येक धनाढ्य मनुष्य आसुरी आहे, असे म्हटलेले नाही. दोष धनात दाखविलेला नसून त्याला चिकटलेल्या 'मी'मध्ये दाखविलेला आहे. उलटपक्षी सहाव्या अध्यायाच्या 41 व्या श्लोकात योगभ्रष्टाचा जन्म शुचि आणि श्रीमंत अशांच्या घरी होतो, असे सांगितले आहे. येथे 'शुचि' आणि 'श्रीमंत' हे दोन शब्द स्वतंत्रपणे योजावे लागले, ही गोष्ट मननीय आहे. श्रीमंतीमुळेच शुचिता येत असती तर पहिला शब्द व्यर्थ झाला असता. श्रीमंतीमुळे शुचिता नष्टच होत असती तर हे दोन शब्द एकत्र आलेच नसते.

एका घरातील तीन वृत्ती

लीळाचरित्रातील श्रीचक्रधर स्वामींच्या पूर्वाश्रमीची लीळा या संदर्भात विचारात घ्यावी. गुजरातच्या प्रधानाचे ते घर. तेथे संपत्तीस उणे नव्हते. हरिपाळदेव या नावाने स्वामी तेथे असता द्यूतात द्रव्य हरले. देणे फेडण्यासाठी कमळाइसेजवळ अलंकार मागितले, तेव्हा तिने ते दिले नाहीत. पुढे पिता विशाळदेव यांनी ते देणे भागविले. स्वामींची उदासीनता मात्र वाढत गेली आणि रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने त्यांनी ते वैभव मागे टाकले.

ईश्वराच्या लीळेस गुणदोष लावण्याचा अधिकार जीवास नाही. परंतु भोवतालच्या मनुष्यांचे वर्तन पाहून बोध घेता येतो. घर एक, संपत्ती एक. पण एकीने ती जिवापलीकडे जपली, एकाने पुत्रासाठी सहज मोकळी केली, आणि स्वामींनी सर्वच्या सर्व त्यागली. एका घराच्या चार भिंतींत जर धनाविषयी तीन वृत्ती नांदतात, तर साऱ्या धनवंतांची वृत्ती एकच, असे कोणत्या आधारे म्हणावे ?

गर्वाविषयीही हेच म्हणता येईल. सुदामा आणि श्रीकृष्ण हे गुरुबंधू. द्रोण आणि द्रुपद हेही बालमित्र. दोन्ही ठिकाणी दरिद्री ब्राह्मण ऐश्वर्यवान मित्राच्या दारी गेला. द्वारकेत मूठभर पोह्यांचा आदर झाला. पांचाळात 'राजाची आणि दरिद्र्याची मैत्री कसली' अशा अर्थाचे उत्तर मिळाले. दारिद्र्यही दोघांचे सारखेच होते. तथापि सुदामा काही न मागता परतला आणि द्रोणांनी अपमान मनात जपून ठेवला. तेव्हा ऐश्वर्यावरून गर्व किंवा दारिद्र्यावरून निःस्पृहता अनुमानणे योग्य नव्हे. म्हाइंभट प्रथम स्वामींकडे आले ते विद्येचा अभिमान घेऊन. गर्वास धनच लागते असे नाही.

शंका आणि समाधान

येथे शंका येते की, धन स्वतः निर्दोष असेल तर अनुसरणाऱ्यास सर्वस्वाचा त्याग का सांगितला ? याचे समाधान असे की, त्याग हे साधकाचे पथ्य आहे. वैद्याने रोग्यास एखादा पदार्थ वर्ज्य केला, म्हणून शेजारच्या पानावर तो वाढलेला पाहून रोग्याने शेजाऱ्यास दूषण देणे योग्य नव्हे. धनाचा संग जीवास बांधतो, हे सत्य आहे. म्हणूनच त्याग विहित आहे. पण ते वचन साधकाने स्वतःकडे पाहण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या तिजोरीकडे बोट दाखविण्यासाठी नाही.

अन्यायाने धन मिळविणारे आहेतच, आणि त्या अन्यायास अन्याय म्हटलेच पाहिजे. मात्र तो ज्याने केला त्याचा म्हणावा. जातीचा, वर्गाचा म्हणू नये.

चौथ्या मताचा निरास तर आपल्या सिद्धांतानेच होतो. धन हे कर्माचे फळ आहे आणि ते देवताचक्राकडून प्राप्त होते; ते प्रपंचात मोडते आणि नाशवंत आहे. देवगिरीचे यादव भांडार 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीच्या स्वारीत लुटले गेले, हे सर्वविदित आहे. मोक्ष देणारा परमेश्वर एकच, आणि त्याच्या कृपेचे माप धनाने होत नाही. म्हणून निर्धन उपेक्षणीय ठरत नाही, तसाच धनवंत अधिक अधिकारीही ठरत नाही.

आचार

या विवेचनाचे पर्यवसान आचारात झाले पाहिजे. भिक्षुकाने भिक्षेस जाताना घर निवडू नये. चांगल्या अन्नाच्या आशेने वाडा गाठणे हा जसा दोष, तसाच 'येथे काय मिळणार' म्हणून वाडा ओलांडून जाणे हाही दोषच. काल ज्या दारी नकार मिळाला, त्या दारी आज कालचा नकार बरोबर घेऊन उभे राहू नये.

महंतांनी पंक्तीत आणि सभेत आसन देताना देणगीचा आकडा मनात येऊ देऊ नये. मोठ्या दात्यास पुढे बसविले की मागे बसलेल्या वासनिकाच्या चित्तात विकल्प उठतो, आणि त्या विकल्पास निमित्त झाल्याचा भार बसविणाऱ्यावर येतो.

धनवान वासनिकाने लोकमताचा राग न धरता स्वतःस तीन प्रश्न विचारावेत : ज्यांच्या श्रमाने हे धन आले त्यांची मजुरी वेळेवर आणि पूर्ण दिली काय ? ज्यास देता आले नाही त्यास नकार तरी गोड शब्दांत दिला काय ? जे दिले त्याची आठवण अजून मनात आहे काय ? निर्धन वासनिकाने एकच प्रश्न विचारावा : ज्याची निंदा चालली आहे तेच धन उद्या आपल्या घरी आले, तर मन कोणीकडे जाईल ?

आणि सर्वांनीच म्हाइंभटांची रीत ध्यानी धरावी. लीळा एकत्र करताना त्यांनी ऐकीव गोष्ट ऐकताच लिहून टाकली नाही. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांच्याकडे ते गावोगाव गेले, विचारून घेतले, आणि नागदेवाचार्यांच्या साक्षीने पारखून मगच ग्रंथात घातले. परमेश्वराच्या लीळेविषयी जी सावधता त्यांनी राखली, तिचा अल्पांश जरी शेजाऱ्याविषयी बोलताना राखला, तरी पुष्कळसा विकल्प उगवण्यापूर्वीच खुंटेल. कृपण कोण, हे दुसऱ्याच्या दारात उभे राहून कळत नाही; आपले चित्त कोठे चिकटले आहे, हे पाहिले म्हणजे कळते.

दंडवत प्रणाम.