परभूमीवरील समाधी : स्थानबद्ध पोलिश सैनिकांचे स्मरण
(इयत्ता सातवीच्या इतिहास विषयास पूरक पाठ)

पाठाचा हेतू : युद्धात मरण केवळ रणांगणावरच येते असे नाही, आणि अशा मृतांचे स्मरण हेही समाजाचे कर्तव्य आहे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे.

प्रास्ताविक : शिक्षकांनी प्रथम वर्गास विचारावे, "सैनिकास वीरमरण कोठे येते?" बहुतेक मुले "रणांगणावर" असेच उत्तर देतील. मग नकाशावर पोलंड, फ्रान्स व स्वित्झर्लंड हे देश दाखवून पुढील वृत्तांत सांगावा.

विषयविवेचन : १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. त्याच महिन्याच्या १७ तारखेस पूर्वेकडून सोव्हिएत सैन्यही आत शिरले. देश हातचा गेला, पण सहस्रावधी सैनिकांनी शस्त्र खाली ठेवले नाही. रुमानिया व हंगेरी यांच्या मार्गे ते फ्रान्समध्ये पोहोचले आणि तेथे नव्याने सैन्य उभे राहिले. या सैन्याच्या दुसऱ्या पायदळ डिव्हिजनचे सेनापती जनरल ब्रॉनिस्लाव प्रुगार-केटलिंग हे होते. जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव होत असता ही डिव्हिजन स्विस सीमेलगत वेढली गेली. शरण जाण्यापेक्षा सीमा ओलांडणे तिने पत्करले. बारा हजारांहून अधिक पोलिश सैनिकांनी स्विस अधिकाऱ्यांच्या हाती शस्त्रे दिली.

येथे 'स्थानबद्ध' या शब्दाचा अर्थ स्पष्ट करावा. शत्रूच्या हाती सापडतो तो युद्धकैदी होय. तटस्थ देशाच्या आश्रयास येतो, त्यास तो देश युद्ध संपेपर्यंत अडकवून ठेवतो. असा सैनिक स्थानबद्ध होय. १९०७ च्या हेग कराराने तटस्थ राष्ट्रावर हे बंधन घातले आहे. त्याच कराराप्रमाणे अन्नवस्त्र पुरविणे हेही त्या राष्ट्राचे कर्तव्य ठरते.

१९४१ च्या प्रारंभी फ्रेंच सैनिक स्वदेशी परतले. पोलिश सैनिकांस मात्र परतण्यास स्वदेशच उरला नव्हता. आरे नदीकाठच्या ब्यूरेन येथे त्यांच्यासाठी मोठी छावणी बांधण्यात आली. त्यांनी शेतांवर राबावे, दलदली कोरड्या कराव्यात, डोंगरातून रस्ते व पूल बांधावेत, असा क्रम सुरू झाला. विंटरथुर, फ्रीबूर इत्यादी ठिकाणी विद्यार्थी-सैनिकांसाठी विद्यापीठीय छावण्याही निघाल्या. पण नागरिकांशी संबंध ठेवण्यावर कडक निर्बंध होते. विवाहासही परवानगी नव्हती.

अशा जीवनात काही जण आजाराने, काही जण अपघाताने मृत्यू पावले. शत्रूची गोळी त्यांस लागली नाही, म्हणून त्यांचे मरण लहान ठरत नाही. देशासाठीच ते घर सोडून निघाले होते. उशाशी ना माता, ना मातृभूमीची माती. दोन नोव्हेंबरच्या सुमारास पोलिश लोक मृतांच्या थडग्यांवर दिवे लावतात. परक्या गावच्या थडग्यावर तो दिवा लावण्यास आप्त कोठून येणार? म्हणून तेथील स्मृतिशिलांचे महत्त्व मोठे आहे. स्वित्झर्लंडमध्ये अनेक वाटांस आजही 'पोलेनवेग', म्हणजे पोलिश लोकांची वाट, असे नाव आहे. ज्यांनी वाट बांधली त्यांचे नाव वाटेने जपले.

स्थानिक संबंध : कोल्हापूरजवळील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. ते सैनिक नव्हते, स्थानबद्धही नव्हते. बहुतेक स्त्रिया व मुले होती. अनेकांचे पती, पिता वा बंधू दूरच्या आघाड्यांवर लढत होते. त्यांच्यापैकी काहींची थडगी कोल्हापुरात आहेत, आणि महावीर उद्यानात या वसाहतीचा स्मृतिस्तंभ आहे. हा फरक मुलांस नीट समजावून द्यावा. एक गोष्ट मात्र दोहोंकडे समान आहे : परक्याचे थडगे जपणे हे त्याच्या आप्तांचे काम आपण अंगावर घेणे होय.

प्रश्न : (१) युद्धकैदी व स्थानबद्ध यांत भेद काय? (२) फ्रेंच सैनिक परतले, पण पोलिश का राहिले? (३) रणांगणाबाहेर मरण आलेल्या सैनिकाचे स्मरण का करावे?

उपक्रम : आपल्या गावाच्या परिसरात एखादी जुनी, दुर्लक्षित समाधी किंवा स्मृतिशिला असल्यास मुलांसह तेथे जावे. लेख वाचता आल्यास उतरून घ्यावा, भोवतालचे गवत काढावे. पाठाचा खरा समारोप तेथे होईल.