पाचवे शील एकट्यानेच पाळावे काय?



गेल्या वर्षी आमच्या गिरगावातील शाळेत पालकसभा झाली. सारे पालक निघून गेले, तरी एक माता बाकावरून उठेना. ठाकुरद्वारच्या एका चाळीत राहणारे हे कुटुंब. दोन वर्षांपूर्वीच त्यांनी धम्मदीक्षा घेतली आहे. वर्ग रिकामा झाल्यावर ती म्हणाली, "बाई, ह्यांनी भन्तेजींसमोर शील घेतलं. तीन आठवडे शिवले नाहीत. पगाराच्या दिवशी पुन्हा पिऊन आले. आता म्हणतात, माझं शील मोडलं, कोणत्या तोंडानं विहारात येऊ? रविवारी मी नि पोरं वंदनेला जातो, आणि हे भिंतीकडे तोंड करून पडून राहतात."

हा प्रश्न मला नवा नव्हता. माझ्या लहानपणी आमच्या घरातही पगाराची तारीख ही भीतीची तारीख असे. म्हणून आजचा पाठ ह्या एका प्रश्नावर घेऊ: शील मोडलेल्या माणसाने पुढे काय करावे, आणि त्याला सोबत कोठे मिळेल?

शील आणि पडलेला माणूस

पंचशीलातील पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा स्वतंत्रपणे घातली आहे. सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला उपदेश करताना भगवान बुद्धांनी दारूचे सहा तोटे मोजून दाखविले: धन जाते, कलह वाढतो, रोग जडतात, नाव बदनाम होते, लाज सुटते आणि बुद्धी दुबळी होते. आपल्या वाडीत ह्या सहांपैकी एकही न पाहिलेला माणूस सापडणार नाही.

परंतु विनयपिटकात सागत स्थविरांची जी हकिकत आहे, ती आपण क्वचितच सांगतो. सागत हे मोठे सामर्थ्यवान भिक्षू. त्यांनी एका भयंकर नागाला नमविले, अशी कथा आहे. नाग खरा की रूपक, हा वाद आपण बाजूला ठेवू. पुढे घडले ते असे: त्यांची कीर्ती ऐकून कोसंबीच्या उपासकांनी मोठ्या कौतुकाने घरोघरी त्यांना मद्य दिले. नगराबाहेर पडताना ते वेशीतच कोसळले. तथागत तेथे आले. त्यांनी भिक्षूंकरवी सागतांना उचलून विहारात आणविले. त्यानंतर, नागाला नमविणारा हा माणूस आता पाण्यातल्या सापालाही आवरू शकेल काय, असे विचारून भिक्षूंसाठी मद्यपानबंदीचा नियम घातला.

ह्यातील क्रम पाहा. आधी पडलेल्याला उचलले, मग नियम केला. सागतांना संघातून घालविले नाही. पुढे तेच सागत बुद्धांच्या अग्रगण्य शिष्यांत गणले गेले. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: त्यांच्या हाती पेला देणारे शत्रू नव्हते, चाहतेच होते. आपल्याकडे हळदीच्या रात्री, वरातीत, मित्राच्या बढतीच्या निमित्ताने पेला पुढे करणारे हात असेच आपुलकीचे असतात.

केवळ निश्चय पुरत नाही

अतिमद्यपान वर्षानुवर्षे चालले की शरीर व मेंदू दारूला सरावतात. मग इच्छा असूनही माणसाला थांबता येत नाही. वैद्यकशास्त्र ह्याला आजार मानते आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत त्याची नोंद आहे. आजारी माणसाला शपथेबरोबर उपचारही हवा आणि उपचारानंतर सोबतही हवी.

येथे एक धोक्याची सूचना देणे मला भाग आहे. जो रोज सकाळपासून पितो, ज्याचे हात दारूवाचून थरथरतात, त्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येणे, भास होणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात व जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला प्रथम रुग्णालयात न्यावे. गिरगावकरांना मुंबई सेंट्रलचे नायर आणि भायखळ्याचे जे. जे. जवळ पडते, परळ-लालबागकरांना के. ई. एम. ही सार्वजनिक रुग्णालये आहेत. तेथे केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवावे आणि किती व कधीपासून पितो हे डॉक्टरांना न लपविता सांगावे.

तसेच, नवऱ्याच्या जेवणात गुपचूप घालावयाची 'दारू सोडविणारी पावडर' कोणी विकत असेल तर ती घेऊ नका. अशा औषधावर दारू पोटात गेली तर घात होऊ शकतो. बुवा-बाबांच्या अंगाऱ्याबद्दल तर आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

ए. ए. ची बैठक म्हणजे काय?

१९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन ह्या गावी दोन माणसे भेटली: एक शेअरबाजारात काम केलेला, दुसरा शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर. दोघेही दारूने पुरते खचलेले. एका मद्यपीने दुसऱ्या मद्यपीजवळ मन मोकळे केले की त्या दिवसापुरती दारूची ओढ आवरता येते, असा त्यांना अनुभव आला. त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस', म्हणजेच ए. ए., ही संघटना उभी राहिली. भारतात हे काम १९५७ साली सुरू झाले आणि तिचे भारतातील मध्यवर्ती कार्यालय आपल्या मुंबईतच आहे.

ए. ए. च्या काही सभा 'खुल्या' असतात. तेथे नातेवाईक व हितचिंतकही बसू शकतात. 'बंद' सभा फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असतात. त्या मातेबरोबर मी अशा एका खुल्या सभेला गेले. एका शाळेची वर्गखोली, आपल्यासारखेच बाक, कोपऱ्यात चहाची किटली. एकजण उठला, पहिले नाव सांगितले, आपण मद्यपी आहोत असे म्हणाला आणि आपली कहाणी सांगू लागला. मध्ये कोणी बोलले नाही, उपदेश केला नाही. मग दुसरा उठला. कोणी बँकेतला, कोणी गोदीतला, कोणी टॅक्सी चालविणारा. तासा-दीड तासाने सभा संपली. फी नाही. डबा फिरतो, त्यात ज्याला जमेल त्याने टाकावे. सभासद होण्यास एकच अट आहे: दारू सोडण्याची इच्छा.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हे, की तेथे कोणी आडनाव विचारले नाही. आपल्या मुंबईत नोकरीच्या मुलाखतीत, भाड्याची खोली पाहताना, शाळेच्या दाखल्यावर आडनावावरून माणसाचे माप काढले जाते. ह्या खोलीत ते माप नाही. सारे एकाच आजाराचे, एकाच बाकावर. जो नवरा "आपल्या लोकांत तोंड दाखवू कसा, आणि परक्या लोकांत जाऊ कसा?" अशा कात्रीत सापडला आहे, त्याच्यासाठी ही मोठीच सोय आहे.

"तेथे ईश्वराचे नाव घेतात" ही शंका

आपल्या बांधवांची ही शंका रास्त आहे. ए. ए. च्या बारा पायऱ्यांपैकी काहींत ईश्वराचा उल्लेख आहे आणि बऱ्याच सभांत शेवटी प्रार्थना म्हणतात. आपण प्रतिज्ञा घेतल्या आहेत. मग जावे की नाही?

माझे उत्तर, जावे. ए. ए. कोणत्याही धर्माशी वा पंथाशी बांधलेली नाही. सुरुवातीच्या सभासदांतही ईश्वर न मानणारे होते. त्यांच्या आग्रहामुळेच, ईश्वर ज्याला जसा समजेल तसा, अशी मोकळीक त्या पायऱ्यांच्या शब्दांत ठेवली गेली. स्वतःहून मोठी शक्ती म्हणून कोणी त्या खोलीतील माणसांच्या समूहाला मानतो. बौद्ध उपासकाने धम्माला व संघाला मानावे. प्रार्थनेच्या वेळी स्तब्ध उभे राहून मनात मैत्रीभावना करावी. कोणी जबरदस्ती करीत नाही, आणि एका गटात अवघडल्यासारखे वाटले तर दुसरा गट पाहावा. ज्यांना इंग्रजी समजते त्यांच्यासाठी बुद्धाच्या शिकवणीवर उभी असलेली 'रिकव्हरी धर्मा' ही २०१९ साली अमेरिकेत सुरू झालेली संघटनाही आहे. तिच्या सभा ऑनलाइन भरतात.

विचार केला तर ही पद्धत आपल्याला परकी नाहीच. भिक्षुसंघ दर पंधरवड्याला उपोसथासाठी एकत्र येई आणि ज्याच्या हातून दोष घडला असेल तो आपला दोष उघड करी. कल्याणमित्रता हे श्रेष्ठ जीवनाचे अर्धे अंग आहे, असे आनंद म्हणाले, तेव्हा भगवंतांनी त्यांना दुरुस्त करून ते सारेच जीवन असल्याचे सांगितले.

बैठक कशी शोधावी?

१. ए. ए. च्या भारतीय संकेतस्थळावर किंवा तिच्या मदत-दूरध्वनीवर विचारावे. आपण राहतो तो भाग सांगून मराठी सभा कोणत्या वारी, किती वाजता व कोठे आहे, खुली की बंद, हे लिहून घ्यावे. वेळा बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी पुन्हा एकदा खात्री करावी.

२. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ ह्या क्रमांकावर आहे. मन फारच खचले असेल तर १४४१६ ह्या 'टेली-मानस' क्रमांकावर बोलावे.

३. दाखल होऊन उपचार घ्यावयाचे असल्यास पुण्याचे मुक्तांगण आहे. डॉ. अनिता व अनिल अवचट ह्यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे ह्यांच्या साह्याने १९८६ साली ते सुरू केले. मुंबईत वांद्र्याचे कृपा फाउंडेशन आहे. स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेल्या फादर ज्यो परेरा ह्यांनी ते १९८१ साली सुरू केले. मात्र उपचार संपल्यावरही सभांना जाणे सोडू नये.

४. पाळीची नोकरी असेल किंवा बाहेर पडणे अवघड असेल, तर मोबाइलवर ऑनलाइन सभेस बसता येते. चेहरा दाखविण्याची सक्ती नसते आणि पहिले नाव पुरते. दहा-बाय-बाराच्या खोलीत कानाला हेडफोन लावावा, म्हणजे दुसऱ्यांच्या कहाण्या शेजाऱ्यांच्या कानी पडणार नाहीत. तरीही आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष जावे. चहा पिता पिता जे बोलणे होते ते मोबाइलवर होत नाही.

५. एका सभेवरून मत बनवू नये. निदान पाच-सहा सभा पाहाव्यात. पहिल्या दिवशी नुसते ऐकले तरी चालते. परतताना एखाद्या जुन्या सभासदाचा नंबर घ्यावा आणि तल्लफ येईल तेव्हा, पेल्याला हात लावण्याच्या आधी, त्याला फोन करावा.

घरच्यांनी काय करावे?

मद्यपीच्या कुटुंबीयांसाठी 'अल-अ‍ॅनॉन' ह्या वेगळ्या सभा आहेत. मुक्तांगणातही पत्नींसाठी 'सहचरी' गट चालतो. नवरा येवो वा न येवो, पत्नीने तेथे जावे. कारण ह्या आजारात तीही भरडली जाते: कामावर खोटा निरोप देणे, त्याची उधारी फेडणे, मुलांना गप्प करणे हे सारे तिच्याच वाट्याला येते. त्याची उधारी फेडू नये. तो प्यालेला असताना वाद घालू नये. सकाळी, शुद्धीवर असताना बोलावे. आणि मार सहन करणे हे कोणतेही शील नव्हे. मारहाण होत असेल तर मुलांना घेऊन सुरक्षित ठिकाणी जावे, १०३ ह्या महिला मदत क्रमांकावर किंवा पोलिसांच्या ११२ क्रमांकावर कळवावे.

विहारानेही आपला वाटा उचलावा. फळ्यावर जवळच्या सभेचा वार व वेळ लिहून ठेवावी. कोण जातो हे कोणी विचारू नये. शील मोडलेला उपासक वंदनेला आला तर त्याला मागच्या ओळीत न बसविता शेजारी जागा द्यावी. शील पुन्हा घेता येते. म्हणूनच तर आपण ते वंदनेच्या प्रत्येक वेळी पुन्हा म्हणतो.

त्या मातेची हकिकत पूर्ण करते. तिचे यजमान आधी रुग्णालयात गेले, मग सभेला जाऊ लागले. मध्ये एकदा घसरले. दुसऱ्या दिवशी सभेतला एक सोबती घरी आला व त्यांना घेऊन गेला. आज सात महिने झाले. सारे सुरळीत झाले असे ती म्हणत नाही. कर्ज आहे, मोठा मुलगा अजून बापाशी नीट बोलत नाही. पण मागील पौर्णिमेला ते विहारात आले होते.

माझ्या वडिलांनी पंधरा वर्षे अशाच शपथा घेतल्या आणि एकट्यानेच मोडल्या. अशी बैठक असते हे त्यांना कोणी सांगितले नाही. आपल्या शेजाऱ्याला ते सांगणे एवढे तरी आपल्या हाती आहे.

मनन व चर्चेसाठी

१. सागत स्थविरांच्या कथेत तथागतांनी प्रथम काय केले?
२. आपल्या घरच्या मंगल प्रसंगी पेला पुढे करणारा हात कोणाचा असतो?
३. आपल्या विहारापासून सर्वांत जवळची सभा कोठे व कोणत्या वारी भरते? पुढील रविवारपूर्वी शोधून काढा.

जयभीम!