घटक ५ : वाहतूक व्यवस्था : मूलतत्त्वे आणि समाजजीवनातील स्थान

अनुक्रम
५.० उद्दिष्टे
५.१ प्रास्ताविक
५.२ विषय-विवेचन
५.३ सारांश
५.४ शब्दार्थ
५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे
५.६ स्वाध्याय व उपक्रम

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस,
• वाहतूक व्यवस्थेची प्रमुख अंगे स्पष्ट करता येतील.
• ‘गती’ आणि ‘पोहोच’ या संकल्पनांतील फरक सांगता येईल.
• नाशिक परिसराच्या उदाहरणांवरून वाहतुकीचे सामाजिक परिणाम विशद करता येतील.
• आपल्या गावाच्या वाहतूक व्यवस्थेचे परीक्षण करता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, संपर्कसत्रासाठी आपण अभ्यासकेंद्रावर गेलात तो दिवस आठवा. घरातून किती वाजता निघालात? फाट्यापर्यंत कसे गेलात? गाडीची वाट किती वेळ पाहिली? शेवटची गाडी चुकू नये म्हणून सत्र अर्धवट सोडून उठावे लागले का? या प्रश्नांची उत्तरे आपल्या बुद्धिमत्तेवर वा परिश्रमांवर अवलंबून नाहीत, आणि तरीही आपल्या शिक्षणावर त्यांचा परिणाम होतो. वाहतूक हा केवळ अभियंत्यांचा विषय नाही, हे यावरून लक्षात येईल. शिक्षण, उपचार, बाजारपेठ आणि रोजगार या गोष्टी कोणाच्या वाट्याला येणार, हे ठरवण्यात वाहतुकीचा मोठा वाटा असतो. प्रस्तुत घटकात नाशिक जिल्ह्याच्या आधारे आपण हा विषय समजून घेणार आहोत.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ वाहतूक व्यवस्थेची अंगे

माणसे व वस्तू एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याच्या क्रियेला वाहतूक म्हणतात. ही क्रिया नियमितपणे घडवून आणणाऱ्या रचनेस वाहतूक व्यवस्था असे म्हणता येईल. या व्यवस्थेची चार अंगे आहेत.

१) मार्ग : पायवाट, रस्ता, लोहमार्ग, जलमार्ग, हवाई मार्ग.
२) वाहन : बैलगाडीपासून विमानापर्यंतची साधने. पायी चालणे हीसुद्धा वाहतूकच होय, याचा पुष्कळदा विसर पडतो.
३) थांबे व स्थानके : जिथे प्रवासी चढतो, उतरतो किंवा एका साधनातून दुसऱ्या साधनात जातो ती ठिकाणे.
४) व्यवस्थापन : वेळापत्रक, भाडे, नियम, देखभाल आणि ते सांभाळणारे मनुष्यबळ.

यांपैकी एक अंग दुबळे असले तरी संपूर्ण व्यवस्था दुबळी होते. रस्ता उत्तम आहे पण गाडी नाही, किंवा गाडी आहे पण तिची वेळ कोणालाच ठाऊक नाही, अशा स्थितीत प्रवाशाच्या दृष्टीने ती व्यवस्था नसल्यासारखीच असते.

५.२.२ गती आणि पोहोच

वाहन किती वेगाने धावते ही त्याची गती. माणूस आपल्या इच्छित स्थळी ठरावीक वेळात, परवडणाऱ्या खर्चात आणि सुरक्षितपणे जाऊ शकतो की नाही, ही झाली पोहोच. एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

समजा, सुरगाणा तालुक्यातील एका पाड्यावरची विद्यार्थिनी महाविद्यालयात जाते. फाट्यापर्यंत पायी ४५ मिनिटे, गाडीची प्रतीक्षा ४० मिनिटे, गाडीतील प्रवास ५० मिनिटे आणि उतरल्यावर पुन्हा पायी १५ मिनिटे, असा तिला एकूण १५० मिनिटांचा वेळ लागतो. आता रस्ता सुधारून गाडीचा वेग दुप्पट केला, तर प्रवासाची २५ मिनिटे वाचतील आणि एकूण वेळ १२५ मिनिटे होईल. याउलट रस्ता आहे तसाच ठेवून गाडी ठरलेल्या वेळी पाड्यापर्यंत आणली, तर चालणे ५ मिनिटे, प्रतीक्षा १० मिनिटे, वळणामुळे वाढलेला प्रवास ६० मिनिटे आणि शेवटी पायी १५ मिनिटे, म्हणजे एकूण ९० मिनिटे लागतील. पहिल्या उपायाने गती वाढली, दुसऱ्याने पोहोच वाढली. म्हणून वेळ मोजायचा तो गाडी सुटल्यापासून नव्हे, तर घराचा उंबरठा ओलांडल्यापासून.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
अ) वाहतूक व्यवस्थेची चार अंगे कोणती?
आ) वरील उदाहरणात दुसऱ्या उपायाने मूळ वेळेपेक्षा किती मिनिटे वाचली?

५.२.३ लोहमार्ग आणि नाशिक शहर

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. घाटमाथ्यावरील कापूस मुंबई बंदरात आणणे हे लोहमार्ग पुढे वाढवण्यामागचे एक प्रमुख उद्दिष्ट होते. वाटेत सह्याद्री आडवा होता. कसारा आणि इगतपुरी यांमधील थळघाटाचा लोहमार्ग १८६५ मध्ये पूर्ण झाला. या मार्गाचा चढ ३७ फुटांमागे १ फूट इतका तीव्र असल्याने गाडीला अधिकची इंजिने जोडावी लागत आणि आजही जोडावी लागतात.

मात्र हा लोहमार्ग गोदाकाठच्या जुन्या नाशिक शहरातून गेला नाही. स्थानक झाले ते शहरापासून सुमारे आठ-नऊ किलोमीटरवर, आज आपण ज्याला नाशिकरोड म्हणतो तेथे. मुंबईहून आलेल्या यात्रेकरूपुढे हा अखेरचा टप्पा कसा पार करायचा, असा प्रश्न उभा राहिला. टांगे होतेच. त्यांच्या जोडीला १८८९ मध्ये स्थानक आणि शहर यांना जोडणारी, घोड्यांनी ओढली जाणारी ट्राम सुरू झाली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली आणि त्या मार्गावर मोटारींचे युग आले.

या इतिहासातून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की, मुख्य मार्ग कितीही भव्य असला तरी अखेरच्या टप्प्यावाचून तो अपुरा असतो. दुसरी अशी की, स्थानक स्वतःभोवती नवी वस्ती निर्माण करते. नाशिकरोडला १९२० च्या दशकात सरकारी सुरक्षा मुद्रणालय आले, वसाहती वाढल्या, बाजारपेठ उभी राहिली. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि नाशिक ही एकाच शहराची अंगे झाली. शहर रेल्वेकडे सरकले, असे म्हणावयास हरकत नाही.

५.२.४ शेतमाल आणि वाहतूक

शेतात पडून असलेला कांदा आणि ग्राहकाच्या स्वयंपाकघरातील कांदा ही वस्तू एकच, पण तिचे मूल्य वेगळे. स्थान बदलल्यामुळे वस्तूच्या मूल्यात पडणाऱ्या भरीस अर्थशास्त्रात ‘स्थान-उपयोगिता’ म्हणतात. लासलगावची कांदा बाजारपेठ देशभर ख्यातकीर्त झाली त्यामागे परिसरातील उत्पादन आहे, तसेच लासलगाव हे मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील स्थानक आहे, हेही एक कारण आहे.

नाशवंत मालाच्या बाबतीत वेळेला विशेष महत्त्व असते. निफाड, दिंडोरीची द्राक्षे तोडल्यानंतर त्यांतील उष्णता शीतगृहात कमी करून ती शीतपेट्यांमधून बंदराकडे नेतात. साखळीत कोठेही खंड पडला तर वर्षभराचे कष्ट मातीमोल होतात. ७ ऑगस्ट २०२० रोजी देशातील पहिली किसान रेल देवळालीहून बिहारमधील दानापूरकडे निघाली, ती याच गरजेपोटी. टाळेबंदीच्या त्या वर्षात बाजारपेठा विस्कळीत झाल्या असताना नाशिकच्या शेतमालाला तिने दूरच्या बाजाराची वाट मोकळी करून दिली.

५.२.५ एसटी : रस्त्यावरील सामाजिक न्याय

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. त्यानंतरच्या काळात एसटी खेड्यापाड्यांत पोहोचली. या सेवेचे मर्म ‘मुक्कामी गाडी’त दिसते. रात्री शेवटच्या गावी येणारी, चालक-वाहकांसह तेथेच थांबणारी आणि पहाटे विद्यार्थी, दूधवाले, रुग्ण, कचेरीचे काम असलेले अशा सर्वांना घेऊन निघणारी ही गाडी नफ्याच्या हिशेबात बसेलच असे नाही. पण ती बंद झाली तर गावाचा दिवसच उशिरा सुरू होतो.

ग्रामीण मुलींना शाळेसाठी मोफत पास, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ पासून महिलांना भाड्यात ५० टक्के सवलत यांकडे केवळ खर्च म्हणून पाहणे योग्य नाही. भाडे परवडत नसेल तर दारात उभी असलेली गाडीसुद्धा दूरच असते.

२०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटी कर्मचाऱ्यांचा राज्यव्यापी संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे, ही कर्मचाऱ्यांची प्रमुख मागणी होती. ज्यांच्याकडे दुचाकी होती त्यांचे काम अडले नाही. ज्यांच्याकडे नव्हती, त्यांना काळी-पिवळीत दाटीवाटीने, अधिक पैसे मोजून जावे लागले किंवा घरी बसावे लागले. या काळाने दोन्ही बाजू एकदम समोर आणल्या. सार्वजनिक वाहन थांबले की सर्वांत आधी थांबतो तो सर्वांत दुर्बळ प्रवासी. आणि ते वाहन चालवणाऱ्याचे जीवनमान सुरक्षित नसेल, तर ही सेवाही सुरक्षित राहत नाही.

५.२.६ मार्गाची क्षमता : सिंहस्थाचा धडा

२७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थ पर्वणीच्या वेळी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन सुमारे चाळीस भाविक मृत्युमुखी पडले. तेथे वाहने नव्हती, होती ती पायी चालणारी माणसे. तरीही हे वाहतूक व्यवस्थेचेच अपयश होते. कोणत्याही मार्गाची क्षमता त्याच्या सर्वांत अरुंद जागेइतकीच असते, हे मूलतत्त्व येथे लक्षात घ्यावे. २०१५ च्या सिंहस्थात खासगी वाहने शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवून भाविकांना बसने आत आणण्यावर भर देण्यात आला. पुढील सिंहस्थाची मुख्य स्नाने २०२७ मध्ये आहेत. त्या वेळीही रस्ते किती रुंद केले यापेक्षा गर्दी कोठे, कशी आणि किती वेळ थोपवता येते, याला अधिक महत्त्व राहील.

५.२.७ नवे मार्ग, जुना प्रश्न

५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. ज्या घाटातून १८६५ मध्ये लोहमार्ग चढला, त्याच परिसरात १६० वर्षांनी सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा झाला. दूरच्या प्रवासाचा वेळ यामुळे निश्चितच घटला. परंतु या मार्गावर ठरावीक ठिकाणीच प्रवेश मिळतो, आणि दुचाकी व तीनचाकींना तेथे मज्जाव आहे. महामार्गालगतच्या गावातील दुचाकीस्वाराला तो दिसतो, पण त्याच्या उपयोगी पडतोच असे नाही.

शहरातही हाच प्रश्न आहे. नाशिकची शहर बससेवा पूर्वी एसटी चालवत असे. ८ जुलै २०२१ पासून महानगरपालिकेची ‘सिटीलिंक’ सेवा सुरू झाली. सातपूर-अंबडच्या कामगाराला पाळी सुटल्यावर बस मिळते का, यावरून या सेवेचे मूल्यमापन व्हायला हवे.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
योग्य की अयोग्य ते लिहा.
अ) मार्गाची क्षमता त्याच्या सर्वांत रुंद जागेवरून ठरते.
आ) पहिली किसान रेल देवळालीहून निघाली.
इ) महामार्ग गावालगत असला की गावाची पोहोच आपोआप वाढते.

५.३ सारांश

मार्ग, वाहन, थांबे आणि व्यवस्थापन ही वाहतूक व्यवस्थेची चार अंगे आहेत. गती वाढल्याने पोहोच वाढतेच असे नाही. नाशिकरोडची ट्राम, लासलगावचा कांदा, मुक्कामी एसटी आणि सिंहस्थाची गर्दी या उदाहरणांतून एकच सूत्र हाती येते : ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नाही, तो माणूस वेळेवर, सुरक्षितपणे आणि परवडणाऱ्या खर्चात पोहोचतो की नाही, हीच वाहतूक व्यवस्थेची खरी कसोटी होय.

५.४ शब्दार्थ

फाटा – मुख्य रस्त्यापासून गावाकडे रस्ता फुटतो ती जागा.
पोहोच – इच्छित स्थळी जाता येण्याची प्रत्यक्ष शक्यता.
स्थान-उपयोगिता – स्थान बदलल्याने वस्तूच्या मूल्यात पडणारी भर.
मुक्कामी गाडी – रात्री शेवटच्या गावी थांबणारी व पहाटे सुटणारी एसटी.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) मार्ग, वाहन, थांबे व स्थानके, व्यवस्थापन. आ) ६० मिनिटे.
प्रश्न २ : अ) अयोग्य. आ) योग्य. इ) अयोग्य.

५.६ स्वाध्याय व उपक्रम

१) गती आणि पोहोच यांतील फरक आपल्या परिसरातील उदाहरणाने स्पष्ट करा.
२) ‘एसटीचे मोल नफ्या-तोट्यात मोजता येत नाही.’ या विधानाची साधकबाधक चर्चा करा.
३) उपक्रम : घर ते अभ्यासकेंद्र या आपल्या प्रवासाचे टप्पे, वेळ व खर्च यांचा तक्ता तयार करा. सर्वाधिक वेळ कोठे जातो ते शोधा आणि त्यावर एक उपाय सुचवणारा अर्ज ग्रामपंचायतीस किंवा आगारप्रमुखांस उद्देशून लिहा. शक्य असल्यास तो प्रत्यक्ष सादर करा.