गावाची नळवाहिनी वनजमिनीतून नेताना

डोंगराळ भागातील अनेक पाड्यांची अडचण एकच असते. बारमाही झरा वरच्या रानात, वस्ती खाली आणि मधली जमीन वन खात्याची. उन्हाळ्यात हंडे वाहून जीव मेटाकुटीस येतो. मग "आधी नळ टाकू, परवानगीचे मागाहून पाहू" म्हणून चर खोदला जातो आणि काम अर्ध्यावर अडते. राखीव वनात विनापरवाना खोदकाम करणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा आहे.

कायद्यातील तरतूद

वनजमीन अन्य कामासाठी वापरण्यास १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार केंद्र शासनाची पूर्वमान्यता लागते. मात्र वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, तळे, लहान कालवे, पिण्याच्या पाण्याची नळवाहिनी अशा गावाच्या १३ सोयींसाठी सुलभ मार्ग दिला आहे. त्याच्या अटी अशा :

१) सोय शासनाच्या व्यवस्थापनाखालील असावी.
२) प्रत्येक कामास लागणारी वनजमीन १ हेक्टरपेक्षा कमी असावी.
३) वृक्षतोड हेक्टरी ७५ झाडांपेक्षा जास्त नसावी.
४) ग्रामसभेची शिफारस असावी.

क्षेत्राचा हिशोब

समजा, नळवाहिनी ८०० मीटर लांब असून ३ मीटर रुंदीचा पट्टा लागतो. क्षेत्र २,४०० चौरस मीटर, म्हणजे ०.२४ हेक्टर झाले. या क्षेत्रात जास्तीत जास्त १८ झाडे तोडता येतील. म्हणून आखणी करतानाच झाडे मोजावीत व शक्यतो पायवाटेच्या कडेने नळ न्यावा.

प्रस्ताव कसा करावा?

प्रथम ग्रामसभा बोलवावी. किमान निम्मे सभासद हजर असावेत. ठरावात काम, जागा व क्षेत्र स्पष्ट लिहावे आणि हजेरीवर सह्या घ्याव्यात. काम करणारा शासकीय विभाग ठरावासह विहित नमुन्यातील प्रस्ताव वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे देतो. ते जागेची पाहणी करून आपल्या अभिप्रायासह प्रस्ताव उपवनसंरक्षकांकडे पाठवितात. त्यांची मान्यता मिळाल्यास काम सुरू करता येते. त्यांचे मत प्रतिकूल असल्यास प्रकरण जिल्हास्तरीय समितीपुढे जाते. प्रस्ताव दिल्याची पोच अवश्य जपून ठेवावी.

हे विसरू नका

स्वतःच्या शेतासाठी विहीर, घर किंवा गोठा यांना ही सवलत नाही. त्यासाठी १९८० चाच कायदा लागू होतो. वनजमिनीवर केवळ बिगरशेती परवाना पुरेसा ठरत नाही. तसेच परवानगी वापरापुरती असते, जमिनीची मालकी बदलत नाही.

पाणीटंचाई सुरू झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा दिवाळीनंतर लगेच ग्रामसभा घ्यावी. ठराव वेळेवर झाला तरच उन्हाळ्यापूर्वी पाणी दारी येण्याची आशा धरता येईल.