गाण्याचा नाद आणि योसेफाची दुर्दशा

शास्त्रपाठ : आमोस 5:21-24, 6:1-7.
सोबत वाचावे : उत्पत्ति 37:23-28, याकोब 2:1-9, गलतीकरांस 3:26-28.



खेडोपाडी फिरताना उपदेशक बंधू आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात. तो असा की, ख्रिस्ती माणसाने चित्रपट पाहावा काय, आणि लग्नाच्या वरातीत त्यातील गाणी वाजवावी काय? कोणी म्हणतात, हे सर्व जगाचे आहे, त्याला शिवू नये. कोणी म्हणतात, करमणुकीत पाप कसले? आज आपण हा प्रश्न आमोस संदेष्ट्यापुढे ठेवू. तो उत्तर देतोच, परंतु त्याआधी आपल्यालाच एक प्रश्न विचारतो.

1. आमोस कोण होता?

आमोस यहूदा देशातील तकोवा या गावचा. हे गाव बेथलेहेमाच्या दक्षिणेस अरण्याच्या कडेला होते. तो मेंढरे राखी व उंबरांची निगा करी. संदेष्ट्यांच्या घराण्यात त्याचा जन्म झाला नव्हता (7:14). यहूदात उज्जीया व इस्राएलात यराबाम राज्य करीत असता, म्हणजे ख्रिस्तापूर्वी आठव्या शतकात, देवाने त्याला उत्तरेकडील इस्राएल राज्यात पाठविले. तो काळ भरभराटीचा होता. श्रीमंत लोक हस्तिदंती पलंगांवर लोळत असत, असे तो सांगतो. शोमरोन येथे 1930 नंतरच्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा हस्तिदंताचे कोरीव तुकडे पुष्कळ सापडले. त्यावरून संदेष्ट्याचे बोलणे अतिशयोक्तीचे नव्हते, हे दिसून येते. पण त्याच देशात गरिबाला वाहाणांच्या एका जोडासाठी विकीत (2:6), आणि व्यापारी माप लहान व तराजू खोटा करीत (8:5). बेथेलचा याजक अमस्या याला हा खेडवळ मेंढपाळ नकोसा झाला व त्याने त्याला आपल्या देशी चालते होण्यास सांगितले. खरे बोलणाऱ्या उपदेशकास असा निरोप आजही मिळतो.

2. दोन प्रकारची गाणी

आता नीट लक्ष द्या. पाचव्या अध्यायात देव ज्या गाण्यांचा वीट मानितो ती गाणी मेजवानीची नव्हत. ती उपासनेची आहेत. सहाव्या अध्यायातली गाणी मात्र मेजवानीची आहेत. एक मंदिरातले, दुसरे दिवाणखान्यातले. पण दोहोंस माप एकच लाविले आहे. यास्तव "आमची भजने पवित्र आणि लोकांची गाणी तेवढी अपवित्र" असे म्हणून आपली सुटका होत नाही.

देवाचा आक्षेप वाद्यांवर नाही. दाविदानेही वीणा वाजविली. आक्षेप असा आहे की, हे लोक गातात, पितात, उत्तम तेल अंगाला लावितात, आणि योसेफाच्या दुर्दशेविषयी त्यांच्या जिवाला काही वाटत नाही (6:6). येथे योसेफ म्हणजे उत्तरेकडील राज्य. पण हे नाव ऐकताच उत्पत्तीचा 37 वा अध्याय आठवावा. भावांनी योसेफाला खड्ड्यात टाकिले, आणि मग काय केले? ते भाकर खावयास बसले. भाऊ खड्ड्यात आणि आपण पंगतीत, हेच ते पाप होय.

मग देवाला काय पाहिजे? न्याय आणि नीतिमत्त्व ही बारमाही नदीसारखी वाहावीत, असे त्याचे मागणे आहे (5:24). आपल्या दुष्काळी मुलखात हे समजावून सांगण्याची गरज नाही. आपला ओढा पावसाळ्यात दुथडी भरतो आणि उन्हाळ्यात त्याच्या वाळूत गुरे बसतात. पुष्कळांची दया नाताळात अशीच भरून येते व पुढे आटते. देवाला असा ओढा नको. त्याला न आटणारी नदी हवी.

3. आपल्या वडिलांनी काय केले?

लोकांची कला विटाळलेली आहे, असे आपल्या मराठी मंडळीच्या वडिलांनी मानिले नाही. अहमदनगरास कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात कीर्तनाचा प्रकार ख्रिस्ती सेवेत आणिला. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861-1919) यांनी अभंग व भजने रचिली, आणि ज्या गावात परदेशी चालीचे गीत परके वाटे तेथे टाळ-मृदंगाच्या साथीने प्रभूचे नाव घरोघर गेले. त्यांनी लोकांची चाल घेतली ती लोकांच्या दुःखापर्यंत पोहोचण्यासाठी. म्हणून चित्रपटाविषयीही आपण असेच विचारावे : यात योसेफाची हाक ऐकू येते की ती बुडून जाते?

4. दोन चित्रपट

नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातले. त्यांचा 'फँड्री' हा चित्रपट 2013 साली तयार झाला व 2014 साली महाराष्ट्रात दाखविला गेला. त्यात जब्या नावाचा कैकाडी घरचा शाळकरी मुलगा आहे. गाव त्याच्या कुटुंबास डुकरे धरावयास लाविते आणि भोवती उभे राहून हसते. डुक्कर हाती येणार इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. तो मुलगा जागीच उभा राहतो, घरची माणसेही थांबतात, आणि डुक्कर निसटते. ज्यांना गावाने मान दिला नाही, त्यांनी देशाला मान दिला. पुढे ते धरलेले डुक्कर शाळेच्या भिंतीवरून वाहून नेतात. त्या भिंतीवर फुले, सावित्रीबाई, आंबेडकर यांची चित्रे आहेत. शेवटी मुलगा धोंडा भिरकावितो, तो थेट पाहणाऱ्यावर येतो. आमोस आज असता तर त्याने हेच केले असते, असे आम्हांस वाटते.

दुसरा 'सैराट', 2016 सालचा. मासेमारी करणाऱ्या गरीब घरचा मुलगा आणि बड्या पाटलाची मुलगी एकमेकांवर प्रीती करितात, पळून जातात, कष्टाने संसार उभारितात. शेवटी मुलीचे नातलग भेटवस्तू घेऊन येतात व दोघांचा जीव घेतात. लहान बाळाची रक्ताळलेली पावले तेवढी दारापासून दूर जाताना दिसतात. त्याच चित्रपटातील 'झिंगाट' हे गाणे गावोगाव वरातींत वाजले. लोक गाण्यावर नाचले आणि पावले विसरले.

5. आमचा अपराध

दुसऱ्यांस बोल लावण्यापूर्वी आम्ही आमचे सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या देखरेखीखालील एका गावी दोन घराण्यांतील तरुण व तरुणी आमच्याकडे आली. दोघेही बाप्तिस्मा पावलेली, एकाच चटईवर बसून शब्बाथशाळा शिकलेली. त्यांना विवाह करावयाचा होता. पण त्यांचे पणजोबा निरनिराळ्या वाड्यांतून ख्रिस्ताकडे आले होते, आणि दोन्ही घरच्या वडिलांनी ती जुनी नावे पुन्हा उच्चारिली. मंडळीत फूट पडेल या भयाने आम्ही म्हणालो, "थांबा, पाहू." आम्ही पाहिले नाही. ती दोघे शहरात गेली, सरकारी कचेरीत विवाह केला, आणि आज कोणत्याच मंडळीत येत नाहीत.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्याच गावी एका लग्नास आम्ही गेलो. वडील मंडळींची मुले 'झिंगाट'वर नाचत होती. आम्ही पंगतीत बसून जेवत होतो. तेव्हा उत्पत्तीचा 37 वा अध्याय आम्हांस आठवला, आणि घास गिळवेना. त्या गाण्यात आम्हांला पाप दिसले नाही. पाप आमच्या "पाहू" या शब्दात होते.

6. आता काय करावे?

पहिले, मंडळीत जातीचे नाव काढून विवाह अडवू नये. प्रभूच्या मेजावर एका प्याल्यातून पिणारे दोन भाऊ सोयरिकीच्या वेळी दोन होत असतील, तर तो प्याला आपल्यावर साक्ष देईल. भारतीय ख्रिस्ती विवाहाचा 1872 चा कायदा मुलाचे 21 व मुलीचे 18 वर्षे वय पाहतो. जात विचारीत नाही. कायदा विचारीत नाही ते मंडळीने कसे विचारावे?

दुसरे, अशा जोडप्यास कोणी धमकाविल्यास उपदेशकाने गप्प बसू नये. सज्ञान स्त्रीपुरुषांच्या विवाहास कुळाची किंवा पंचांची संमती लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली दिला आहे, व त्यांचे रक्षण करण्याची आज्ञा पोलिसांस केली आहे. सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात 2016 च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे. त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाणे हीसुद्धा पाळकाची सेवा होय.

तिसरे, तरुणांस चित्रपट पाहू नका एवढेच सांगून थांबू नये. त्यांच्यासह बसावे व नंतर विचारावे : यात खड्ड्यात कोण होता आणि जेवत कोण होते?

विचारासाठी प्रश्न

(1) आमोसाच्या काळी देवाने उपासनेची गाणी का नाकारिली?
(2) आपल्या गावात आज योसेफ कोण आहे? त्याचे घर कोणत्या बाजूस आहे?
(3) आपल्या मंडळीत शेवटचा विवाह कोणत्या कारणाने मोडला?
(4) या आठवड्यात आपण कोणाच्या दारी जाऊन क्षमा मागावी?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही स्वतः दिले पाहिजे. त्या दोघांचा पत्ता आम्ही मिळविला आहे, आणि हा पाठ आपल्या हाती पडण्यापूर्वी आम्ही त्यांच्या दारी जाऊ, असा निश्चय केला आहे. ती दार उघडतील किंवा न उघडतील. आपण आमच्यासाठी प्रार्थना करावी, आणि आपल्याही गावात असे एखादे दार असल्यास तिकडे वाट धरावी.