केळीचा तंतू आणि हिऱ्याचे टोक

म्हैसूर जिल्ह्यातील कपिला नदीकाठचे नंजनगूड श्रीकंठेश्वराच्या मंदिराप्रमाणेच 'रसबाळे' या केळ्यांसाठीही प्रसिद्ध आहे. केळीच्या खांबाला घड एकदाच येतो. तो उतरवल्यावर खांब तोडला जातो. परंतु त्याच्या सोपटांत चिवट तंतू असतात. हे तंतू पॉलिलॅक्टिक आम्ल या विघटनशील प्लॅस्टिकात मिसळले, की संमिश्र पदार्थ तयार होतो.

या पदार्थाचे बळ तंतू आणि प्लॅस्टिक यांच्या सांध्यावर फार अवलंबून असते. सांधा कच्चा असेल, तर ताण तंतूपर्यंत पोहोचत नाही आणि तंतूची ताकद वाया जाते. तो सांधा तपासण्यासाठी नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग, हे माप लागते.

या तपासणीत हिऱ्याचे तीन पैलूंचे टोक पृष्ठभागात अलगद रुतवतात. किती भाराने ते किती खोल गेले, याची नोंद यंत्र करते. भार काढताना पृष्ठभाग कसा परत उसळतो, त्यावरून ताठरपणा कळतो. ही गणनापद्धती ऑलिव्हर आणि फार यांनी १९९२ मध्ये मांडली. प्लॅस्टिक दाबाखाली सावकाश खचत राहते. म्हणून भार काही क्षण स्थिर ठेवून मगच काढतात. सांध्यापाशी शेजारच्या ताठर तंतूमुळे आकडा फुगू शकतो. म्हणून अनेक ठिकाणची मापे ताडून पाहतात.

मात्र केवळ बळ पुरेसे नाही. पॉलिलॅक्टिक आम्ल उष्ण खतप्रकल्पात लवकर कुजते, साध्या मातीत फार सावकाश. वापरात टिकणे आणि वापरानंतर मातीत मिसळणे, या दोन्ही कसोट्यांना उतरेल तोच पदार्थ खरा उपयोगी.