बांबूचे वंशधन

गोंदिया जिल्ह्यावर जशी तळ्यांची, तशीच वनांचीही कृपा आहे. नवेगाव व नागझिरा येथील अरण्ये २०१३ साली व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाली. या वनांत साग, ऐन, मोह यांच्या सोबतीने बांबूची बेटे उभी असतात. बांबू दिसतो वृक्षासारखा. पण त्याचे कुळ गवताचे! बुरूड त्याच्यापासून सुपे, टोपल्या व तट्टे विणतात. पाळण्यापासून तिरडीपर्यंत मनुष्याला बांबूची सोबत असते.

बांबूचा खरा जीव जमिनीखालील कंदात असतो. पावसाळ्यात कंदातून कोंब फुटतात. या कोवळ्या कोंबांना या भागात 'वास्ते' म्हणतात. कोंब काही महिन्यांतच पूर्ण उंची गाठतो. पुढे तो जून होतो, पण जाड होत नाही. एका कंदापासून वाढलेल्या बेटातील सर्व बांबू म्हणजे जणू एकाच देहाचे अवयव होत.

बांबूच्या बहुतेक जाती कित्येक वर्षांनी, आयुष्यात एकदाच फुलतात. बी धरले की बेट वाळून जाते. कधी एखादेच बेट फुलते, तर कधी सारे रान एकदम फुलते. मिझोराममधील एक जात सुमारे ४८ वर्षांनी फुलते; १९११, १९५९ आणि २००७ च्या सुमारास ती फुलली. ते विपुल बी खाऊन उंदीर माजले, त्यांनी शेते फस्त केली आणि १९५९ नंतर तेथे दुष्काळ पडला.

एका बेटाचा कंद दूरच्या गावी लावला, तरी तो बहुधा मूळ बेटाच्याच सुमारास फुलतो. समजा, एखाद्या गावाने बांधाबांधावर एकाच बेटाचे कंद लावले. मग ज्या वर्षी एक बेट वाळेल, त्याच वर्षी सारीच वाळतील. बुरुडाचा कोयता स्वस्थ पडून राहील. एका बेटाला जडणारा रोग इतरांनाही सहज जडेल.

बियांची गोष्ट निराळी. दोन फुलांच्या संयोगातून बी जन्मते. म्हणून प्रत्येक रोपाचा गुण थोडा वेगळा असतो. एक रोप अवर्षण सोसते, दुसरे रोगाला दाद देत नाही, तिसरे उंच वाढते. या भिन्नतेलाच शास्त्रज्ञ 'जनुकीय विविधता' म्हणतात. हेच वनाचे वंशधन होय.

हे धन मोठे नाजूक आहे. बी फार काळ टिकत नाही. रोपे कोवळी असताना गुरे ती चरतात. मोहफुले वेचण्यासाठी पाचोळा पेटविला, तर वणव्यात अनेक वर्षांची प्रतीक्षा क्षणात भस्म होते. म्हणून बांबू फुलला की अनेक बेटांचे बी गोळा करावे, रोपांच्या जागी चराई थांबवावी व आग लागू देऊ नये. एरवीही जून बांबूच तोडावा, कोवळा राखावा.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले व वनवासी ग्रामस्थांचा त्यावरील हक्क मान्य केला. हक्काबरोबर कर्तव्यही येते. आज राखलेले रोप उद्याच्या पिढीचे सूप विणील.

शब्दार्थ : अवर्षण – पाऊस न पडणे, तट्टा – बांबूच्या कामट्यांची विणलेली ताटी, गौण वनोपज – लाकडाखेरीज वनातून मिळणारी वस्तू.

प्रश्न : (१) एकाच बेटाचे कंद सर्वत्र लावण्यात कोणता धोका आहे? (२) बियांपासून उगवलेली रोपे एकमेकांहून भिन्न का असतात? (३) 'हक्काबरोबर कर्तव्यही येते' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.